वाक्यातून अलंकार काढून पाहा: मन वळवणाऱ्या लेखनातील संज्ञा शिकण्याची एक रीत

मन वळवणाऱ्या लेखनातील संज्ञा शिकायला बसणारा माणूस बहुधा यादीपासून सुरुवात करतो. यादी लांबलचक असते, तिच्यातली ग्रीक आणि लॅटिन नावे जिभेवर बसत नाहीत, आणि संस्कृत नावे शाळेत पाठ केलेली असली तरी ती कवितेच्या ओळींना चिकटलेली असतात. मीही एके काळी चाळीसेक व्याख्या उदाहरणांसकट पाठ केल्या होत्या. तरीही एखादा अग्रलेख वाचून मन हलले की ते नेमके कोणत्या वाक्यापाशी आणि कशामुळे हलले, हे मला सांगता येत नसे. याचे कारण पुष्कळ दिवसांनी लक्षात आले: मी नावे शिकलो होतो, पण ती नावे ज्या कामांना दिलेली आहेत ती कामे पाहिली नव्हती. म्हणून या लेखात सुचवलेली रीत उलट्या क्रमाची आहे. आधी वाक्याचा परिणाम ओळखावा, मग त्यातील अलंकार काढून वाक्य सपाट करावे, काय गेले ते लिहून ठेवावे, आणि नाव सर्वांत शेवटी शिकावे.

सरावासाठी एकच विषय सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताशी ठेवणे फार उपयोगी पडते, कारण मजकूर तोच राहिला की बदललेल्या वाक्यरचनेचा परिणाम वेगळा दिसतो. येथे आपण एका विनंतीपत्राचा विषय घेऊ. एक सार्वजनिक ग्रंथालय संध्याकाळी सहाला बंद होते आणि ते रात्री नऊपर्यंत उघडे राहावे अशी वाचकांची इच्छा आहे. निर्णय ग्रंथालयाच्या समितीने घ्यायचा आहे. या पत्राचे सपाट रूप असे: ‘ग्रंथालय संध्याकाळी सहाला बंद होते. दिवसभर काम करणाऱ्यांना ते वापरता येत नाही. म्हणून ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे.’ ही तीन वाक्ये वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. पुढची प्रत्येक युक्ती याच वाक्यांवर वापरून पाहायची आहे.

पहिली पायरी: कोण, कोणाला, कशासाठी

शब्दांकडे वळण्याआधी परिस्थिती लिहून काढावी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने ‘रेटोरिक’ या ग्रंथात वक्तृत्वाचे तीन प्रकार पाडले आणि ते काळाशी जोडले. घडून गेलेल्या गोष्टीचा न्याय करायचा तेव्हा न्यायालयीन भाषण, समोर असलेल्या व्यक्तीची वा गोष्टीची स्तुती किंवा निंदा करायची तेव्हा प्रासंगिक भाषण, आणि पुढे काय करावे हे ठरवायचे तेव्हा विचारविनिमयाचे भाषण. हा भेद कोरडा वाटला तरी त्याचा उपयोग लगेच होतो. आपले पत्र भविष्याबद्दल आहे. तरीही असे पत्र लिहिताना बहुतेकजण आतापर्यंत झालेल्या गैरसोयीचा न्याय मागू लागतात, म्हणजे विचारविनिमयाच्या जागी खटला चालवतात. समितीला आरोपी केले की ती बचाव करू लागते, आणि बचाव करणाऱ्याचे मन वळत नाही.

त्याच ग्रंथात मन वळण्याची तीन साधने सांगितली आहेत: इथॉस म्हणजे बोलणाऱ्याच्या शीलावरचा विश्वास, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याची भावावस्था, आणि लॉगॉस म्हणजे खुद्द बोलण्यातला तर्क. अनेक ठिकाणी ही तीन साधने तीन सारख्या आकाराचे डबे असल्यासारखी शिकवली जातात आणि विद्यार्थी प्रत्येक वाक्यावर एकेक चिठ्ठी डकवतो. प्रत्यक्षात एकच वाक्य तिन्ही कामे करू शकते. ‘गेली सहा वर्षे मी या ग्रंथालयाचा सभासद आहे आणि नोकरी लागल्यापासून मला येथे एकदाही येता आलेले नाही’ या वाक्यात विश्वास आहे, खंत आहे आणि पुरावाही आहे. म्हणून समासात चिठ्ठी लिहिताना ‘हे कोणते साधन’ असे न विचारता ‘या वाक्याने वाचकाच्या मनातली कोणती शंका दूर झाली’ असे विचारावे. हा प्रश्न पुढे प्रत्येक अलंकाराला विचारायचा आहे.

तर्काचा सांगाडा तपासणे

अलंकार तर्कावर चढतात. तर्कच नसेल तर ते हवेत लोंबकळतात. सांगाडा तपासण्यासाठी न्यायदर्शनातील पंचावयव वाक्य मला ॲरिस्टॉटलच्या तीन पदांच्या संवाक्यापेक्षा (दोन विधानांवरून तिसरे काढणाऱ्या रचनेपेक्षा) अधिक सोयीचे वाटते, कारण त्यात उदाहरणाला हक्काची जागा आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे त्याचे पाच अवयव. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात. येथेही तसाच धूर आहे. म्हणून येथे अग्नी आहे. आपले पत्र या पाच घरांत भरून पाहिले की कोणते घर रिकामे आहे ते लगेच दिसते. बहुधा उदाहरणाचे घर रिकामे असते.

याच्या जोडीला एन्थिमीम ही संज्ञा शिकावी. ज्या युक्तिवादातील एखादे गृहीतक उच्चारलेच जात नाही आणि ते वाचक स्वतः मनात भरतो, त्या युक्तिवादाला आज बहुधा हे नाव दिले जाते. ‘ही पुस्तके लोकांच्या पैशातून घेतली आहेत, म्हणून ती लोकांच्या सोयीच्या वेळी मिळायला हवीत.’ येथे न बोललेले वाक्य असे आहे की, ज्याच्या पैशातून वस्तू आली, त्याच्या सोयीने ती वापरता यावी. वाचकाने हे वाक्य स्वतः भरले तर तो निष्कर्ष त्याचाच होऊन बसतो आणि स्वतःच्या निष्कर्षाशी माणूस सहसा भांडत नाही. एन्थिमीमचे बळ यातच आहे आणि धोकाही यातच आहे, कारण लपलेले गृहीतक खोटे असले तरी ते तपासले जात नाही. रोज वाचनात येणाऱ्या एका तरी ‘म्हणून’ला थांबवून त्याच्यामागचे न बोललेले वाक्य वहीत लिहावे. आठ दिवसांत वाचनाची सवय पालटते.

नावांची वही कशी मांडावी

ही वही अक्षरानुक्रमाने लावू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने बारा भागांचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात भाषेत होणाऱ्या फेरफारांच्या चार क्रिया आढळतात: भर घालणे, वगळणे, क्रम बदलणे आणि एकाच्या जागी दुसरे ठेवणे. जवळजवळ प्रत्येक युक्ती या चारपैकी कोठेतरी बसते. वहीचे चार भाग करावेत. संस्कृत परंपरेतील शब्दालंकार आणि अर्थालंकार हा भेद याला छेद देतो आणि तोही समासात नोंदवावा: शब्द बदलला आणि परिणाम गेला तर तो शब्दालंकार, समानार्थी शब्द घालूनही परिणाम राहिला तर अर्थालंकार.

यादी किती लांब असावी, याबद्दल घाबरून जाऊ नये. नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. कुवलयानंद या पुष्कळ नंतरच्या अलंकारग्रंथापर्यंत येता येता ही संख्या शंभराच्या पलीकडे गेली. रोमन परंपरेतील, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका निनावी लेखकाच्या पाठ्यपुस्तकात चौसष्ट अलंकार मोजलेले आहेत. मन वळवणाऱ्या गद्यासाठी त्यांतले पंधरा ते वीस नीट आत्मसात झाले तर पुष्कळ झाले. बाकीचे भेटतील तेव्हा शोधून पाहावेत.

प्रत्येक पानावर चार गोष्टी असाव्यात: मूळ वाक्य, सपाट केलेले वाक्य, काय गेले याची एका ओळीत नोंद, आणि तळाशी नाव. नावाच्या ओळीत मराठी वा संस्कृत आणि ग्रीक वा लॅटिन अशी दोन्ही नावे लिहावीत, पण त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह घालू नये. चेतनगुणोक्ती आणि पर्सॉनिफिकेशन ही दोन नावे जवळजवळ जुळतात. सार आणि क्लायमॅक्स, म्हणजे पायरीपायरीने चढत जाणारी मांडणी, यांचेही बऱ्यापैकी जुळते. परंतु दीपक आणि झ्यूग्मा यांचे नाते फक्त इतकेच की दोन्हीकडे एक पद अनेकांना लागू पडते. दोन परंपरांनी भाषेचा पसारा दोन वेगळ्या रेषांनी कापला आहे. त्या रेषा जेथे जुळत नाहीत तेथेच शिकण्यासारखे सर्वांत अधिक असते.

भर घालणे: पुनरावृत्ती

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पुनरावृत्तीचे प्रकार शिकताना मराठीची घडण आपल्याला प्रथमच नीट दिसते.

वाक्यांच्या किंवा उपवाक्यांच्या आरंभी तेच शब्द पुन्हा पुन्हा येणे म्हणजे ॲनाफोरा, आणि शेवटी येणे म्हणजे एपिस्ट्रोफी. इंग्रजीतील पाठ्यपुस्तके एपिस्ट्रोफीचे उदाहरण म्हणून लिंकनच्या 1863 सालच्या गेटिसबर्ग येथील भाषणाकडे बोट दाखवतात, कारण तेथे ‘पीपल’ हा शब्द तीन वेळा शेवटी येतो. तेच मराठीत आणा: ‘लोकांचे, लोकांनी चालवलेले, लोकांसाठी असलेले’. इंग्रजीत संबंध दाखवणारे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीत ते प्रत्यय म्हणून नामामागे लागतात. त्यामुळे पुनरावृत्त शब्द शेवटून उचलला जाऊन आरंभी आला आणि एपिस्ट्रोफीचा ॲनाफोरा झाला. अलंकाराची व्याख्या भाषांतरात टिकते, पण अलंकाराची जागा टिकत नाही. इंग्रजी उदाहरणे जशीच्या तशी मराठीत उतरवून अलंकार शिकवणाऱ्या पुस्तकांत नेमकी हीच गोष्ट सुटते.

दुसरे निरीक्षण याहून महत्त्वाचे आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, म्हणून ‘आहे’, ‘होते’, ‘पाहिजे’ हे शब्द ओळीने चार वाक्यांच्या शेवटी आले तरी कानाला त्यात काही विशेष वाटत नाही. मराठीत खरी एपिस्ट्रोफी ऐकू येण्यासाठी वाक्ये फार लहान करावी लागतात आणि शेवटी तो साचा मोडावा लागतो. आपल्या पत्रावर वापरून पाहू: ‘पुस्तके आहेत, टेबले आहेत, दिवे आहेत, नाहीत ते फक्त वाचक, कारण दार बंद आहे.’ पहिली तीन पदे ‘आहेत’ची सवय लावतात. चौथ्या पदात ‘नाहीत’ उचलून पुढे आणले आहे, आणि त्या उलटण्यामुळेच आधीचे तीन ‘आहेत’ मागाहून ऐकू येतात. आता हे वाक्य सपाट करा: ‘पुस्तके, टेबले आणि दिवे आहेत, पण दार बंद असल्यामुळे वाचक नाहीत.’ माहिती एका अक्षरानेही कमी झालेली नाही. गेली आहे ती रिकाम्या खोलीतून हिंडल्याची जाणीव. वहीत हीच नोंद करायची.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या 1963 सालच्या वॉशिंग्टनमधील भाषणात ‘माझे एक स्वप्न आहे’ हे शब्द वाक्यारंभी पुन्हा पुन्हा येतात आणि ते मराठीतही आरंभीच राहतात, कारण ‘की’ या अव्ययामुळे मुख्य वाक्य पुढे ठेवता येते. मराठीत लांब ॲनाफोरा बांधायचा असेल तर ‘की’ची किंवा ‘ज्यांना… त्यांना’ या जोडीची रचना हाताशी असावी.

साखळीची पुनरावृत्ती हा तिसरा प्रकार. एका पदाचा शेवट पुढच्या पदाचा आरंभ होतो. याला ॲनाडिप्लोसिस म्हणतात आणि साखळी चढत गेली की ग्राडाशिओ. संस्कृतात ज्या साखळीत आधीचे कार्य पुढच्याचे कारण होते तिला कारणमाला असे अर्थपूर्ण नाव आहे. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या 1883 सालच्या पुस्तकातील ओळी मराठी वाचकाला तोंडपाठ असतात: ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले’. ओळी पाठ असल्यामुळे त्यांची बांधणी कोणी तपासत नाही. ती तपासावी. प्रत्येक कडीत ‘विना’ आणि ‘गेली’ स्थिर आहेत, फक्त नाम पुढे सरकते; मती, नीती, गती यांचा यमकासारखा नाद एका कडीला दुसरीत अडकवतो; आणि ‘वित्त’ येते तेव्हा नाद तुटतो, ‘गेली’चे ‘गेले’ होते, आणि साखळी मनाच्या प्रांतातून पैशाच्या प्रांतात उतरते. पुढे शूद्र खचल्याचे सांगून, इतके सारे अनर्थ एका अविद्येने केले असा निष्कर्ष येतो आणि साखळी जिथून निघाली त्या शब्दाच्या विरुद्धार्थी शब्दावर बंद होते.

या साखळीचा युक्तिवाद सपाट करून पाहा: ‘अविद्येमुळे शूद्रांची आर्थिक अवनती झाली.’ असे म्हटले की वाचक पुरावा मागतो. कडीकडीने सांगितले की प्रत्येक पाऊल लहान असल्यामुळे तो प्रत्येक पावलाला होकार देतो आणि शेवटचा होकार त्याने आधीच देऊन टाकलेला असतो. स्वतः साखळी लिहिताना म्हणूनच प्रत्येक कडी वेगळी ओढून पाहावी. एक कडी जरी खोटी असली, तर तोच आकार ‘घसरगुंडीचा हेत्वाभास’ होतो, म्हणजे एका लहान गोष्टीपासून थेट सर्वनाशापर्यंतची न सिद्ध केलेली उतरण.

वगळणे

जोडशब्द वगळणे म्हणजे असिंडेटन. इसवी सनापूर्वी 47 मध्ये झेला येथील विजयानंतर ज्यूलियस सीझरने कळवलेले ‘वेनी, विडी, विकी’ हे तीन शब्द याचे नेहमीचे उदाहरण. लॅटिनमध्ये तिन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, एकाच प्रत्ययावर संपतात आणि तिन्हींत ‘मी’ दडलेला आहे. मराठीत ‘आलो, पाहिले, जिंकले’ असे म्हणताच ‘आलो’मध्ये कर्ता राहतो आणि पुढच्या दोन सकर्मक क्रियापदांतून तो निसटतो. वेग उरतो, मिजास कमी होते. मराठीत असिंडेटन करताना सगळी क्रियापदे अकर्मक किंवा सगळी सकर्मक ठेवावीत, म्हणजे शेवट जुळतात.

वाक्य अर्धवट सोडणे आणि ‘मी ते बोलणार नाही’ असे म्हणून तेच बोलणे या दोन युक्त्याही येथेच येतात. दुसरीला संस्कृतात आक्षेप आणि लॅटिनमध्ये प्रेटेरिशिओ म्हणतात. ‘मागच्या समितीने काय केले याची आठवण मी येथे करून देत नाही’ असे पत्रात लिहिण्याचा मोह होतो. ही युक्ती टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लेखी मजकुरात वाचक परत मागे जाऊन वाचू शकतो आणि लपवाछपवी त्याच्या लक्षात येते. त्या एका वाक्यामुळे आधी कमावलेला विश्वास निघून जातो.

क्रम बदलणे

मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे कोण कर्ता आणि कोण कर्म हे जागेवर अवलंबून राहत नाही. म्हणून क्रमबदल आपल्याला सहज साधतो, पण त्यामुळेच तो नकळत आणि निष्कारणही होतो. वाक्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी किंवा वाक्याच्या अगदी आरंभी ठेवून दोन्ही रूपे मोठ्याने वाचावीत. ‘समितीने हा निर्णय घ्यावा’, ‘हा निर्णय समितीने घ्यावा’ आणि ‘हा निर्णय समितीनेच घ्यावा’ या तीन वाक्यांत विनंती एकच आहे. पण दुसऱ्यात समितीचा अधिकार मान्य केला आहे आणि तिसऱ्यात दुसऱ्या कोणाला तरी बाजूला सारले आहे. ‘च’ हे एवढेसे अक्षर फार जपून वापरावे.

कायॅझ्मस म्हणजे दोन पदांचा क्रम पुढच्या उपवाक्यात उलटणे. केनेडी यांच्या 1961 सालच्या शपथविधीच्या भाषणातील, देशाने तुमच्यासाठी काय करावे हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय करू शकता हे विचारा, हे वाक्य याच घडणीचे आहे. आपल्या पत्रासाठी: ‘पुस्तकांना वाचक मिळत नाहीत आणि वाचकांना पुस्तके.’ शेवटचे क्रियापद वगळल्यामुळे उलटलेला क्रम अधिक स्वच्छ दिसतो. कायॅझ्मसबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. तो ऐकताना खरा वाटतो, कारण सममित वाक्य पूर्ण वाटते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासून पाहिल्याखेरीज असे वाक्य मजकुरात ठेवू नये.

पालट: एकाच्या जागी दुसरे

उपमा, रूपक आणि अतिशयोक्ती शाळेपासून परिचित आहेत, म्हणून येथे फक्त एवढेच सांगतो की गद्यात रूपक शोभेसाठी नसते, ते निष्कर्ष आत घेऊन येते. ग्रंथालयाला ‘खर्चाची बाब’ म्हटले की पुढचा प्रश्न कपातीचा येतो. ‘बी’ म्हटले की पुढचा प्रश्न पाण्याचा येतो. समितीच्या स्वतःच्या लिखाणात कोणते रूपक आधीच ठाण मांडून बसले आहे ते पाहावे, आणि ते मान्य नसेल तर त्याच्याशी वाद न घालता दुसरे आणावे. ‘ही खर्चाची बाब नाही’ असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर खर्चच उभा राहतो.

लक्षणेचा अभ्यासही येथेच करावा. ‘दार बंद आहे’ या वाक्यात दाराने संपूर्ण सेवेची जागा घेतली आहे. भागाने पूर्णाची जागा घेतली तर सिनेक्डकी, संबंधित वस्तूने घेतली तर मेटोनिमी. दोन्हींमधील सीमा धूसर आहे आणि तिच्यावर वेळ दवडण्याची गरज नाही. लायटॉटीझ मात्र अवश्य शिकावी, कारण मराठी तिच्यात मुरलेली आहे: ‘हे काम सोपे नाही’, ‘त्यांचे उपकार थोडके नव्हेत’. उलट बाजूचा नकार करून केलेले हे विधान सौम्य वाटते आणि लिहिणारा संयमी आहे असा विश्वास निर्माण करते.

वाचकाशी बोलणे: प्रश्न आणि पूर्वपक्ष

उत्तर अपेक्षित नसलेल्या प्रश्नाचे मराठी पत्रकारितेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘केसरी’तील 1897 सालच्या अग्रलेखाचे शीर्षक: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ ते सपाट करा: ‘सरकारचे डोके ठिकाणावर नाही.’ आता हे विधान झाले आणि त्याचा पुरावा देण्याची जबाबदारी लेखकावर आली. प्रश्नात मात्र ‘नाही’ हा शब्द लेखकाने लिहिलेलाच नाही, तो वाचकाने उच्चारला आहे. शिवाय ‘काय’ अगदी शेवटी येत असल्यामुळे तोपर्यंत वाक्य साध्या विधानासारखे चालते आणि अखेरच्या शब्दावर वळते. घरातल्या माणसाबद्दल वापरायचा वाक्प्रचार साम्राज्याच्या सरकारला लावल्यामुळे सरकार एका क्षणात माणसाच्या उंचीचे झाले, हेही वेगळे नोंदवण्यासारखे आहे.

असा प्रश्न वापरण्याची अट एकच: ज्या वाचकाचे मन वळवायचे आहे त्याच्याकडे दुसरे उत्तर नसावे. ‘उशिरापर्यंत उघडे ग्रंथालय कोणाला नको आहे?’ असे विचारले तर समितीचा खजिनदार मनात म्हणेल, ‘मला.’ आणि त्याचे कारणही खरे असेल.

म्हणूनच पूर्वपक्ष हे मला मन वळवणाऱ्या लेखनातले सर्वांत मोलाचे अंग वाटते. शास्त्रग्रंथांत आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे आणि मग उत्तरपक्ष करायचा ही जुनी शिस्त आहे. ग्रीक परंपरेत आक्षेपाला आधीच गाठण्याला प्रोकॅटालेप्सिस म्हणतात. पूर्वपक्ष लिहिताना कसोटी अशी की तो वाचून प्रतिपक्षाने ‘बरोबर, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे. ‘काहींना खर्चाची उगाच भीती वाटते’ हा पूर्वपक्ष नव्हे. ते बुजगावणे आहे, म्हणजे पाडायला सोपे जावे म्हणून उभे केलेले खोटे रूप. ‘वेळ वाढवल्यास विजेचा खर्च वाढेल आणि कर्मचाऱ्यांना जास्त वेळ थांबावे लागेल’ हा पूर्वपक्ष आहे. त्यातील जे खरे आहे ते आधी मान्य करावे, आणि उत्तर देताना मागणीच थोडी बदलावी लागली तर बदलावी. मी अनेक मसुदे याच पायरीवर सुधारलेले पाहिले आहेत, कारण आक्षेप प्रामाणिकपणे लिहिला की लेखकाला स्वतःच्या मागणीतला कच्चा भाग दिसतो. न्यायदर्शनात सत्य शोधण्यासाठी केलेल्या चर्चेला वाद म्हणतात, केवळ जिंकण्यासाठी केलेल्या चर्चेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसत्या खंडनाला वितंडा. आपला मसुदा या तिघांपैकी काय आहे, हे पूर्वपक्षाच्या परिच्छेदावरून ओळखता येते.

सहा आठवड्यांचा सराव

रोज वीस मिनिटे पुरतात. पहिले दोन आठवडे फक्त वाचावे: एखाद्या अग्रलेखातून किंवा भाषणातून मन हललेली तीन वाक्ये उतरवून घ्यावीत, सपाट करावीत आणि काय गेले ते लिहावे. या काळात नावे शोधू नयेत. तिसऱ्या आठवड्यापासून जुन्या पानांवर नावे भरावीत. ज्या पानाला नाव सापडत नाही ते तसेच ठेवावे.

पुढचे दोन आठवडे उलट दिशेने जावे. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी केलेल्या सरावाचे वर्णन आत्मचरित्रात दिले आहे: एखाद्या चांगल्या निबंधातील प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवायचा, काही दिवस तो बाजूला ठेवायचा, मग मूळ न पाहता निबंध पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या. कधी तो टिपणांचा क्रम मुद्दाम विसकटून टाकत असे आणि पुन्हा लावत असे, म्हणजे मांडणीची शिस्त अंगी यावी. मराठीत हा सराव करताना ताडून पाहण्याची मुख्य गोष्ट म्हणजे वाक्याचा शेवट. आपण कोठे क्रियापदावर आदळून थांबलो आणि मूळ लेखकाने काय पुढे आणले, ते पाहावे. एका वाक्याची अनेक रूपे करण्याचा सरावही याच वेळी करावा. डच विद्वान इरॅस्मसने 1512 साली प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकात ‘तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला’ अशा आशयाचे एकच वाक्य शंभराहून अधिक प्रकारे लिहून दाखवले आहे. आपण आपल्या पत्रातील मधले वाक्य वीस प्रकारे लिहिले तरी, दहाव्याच्या पुढे नेहमीच्या रचना संपतात आणि खरा शोध सुरू होतो.

सहाव्या आठवड्यात स्वतःचा मसुदा लिहावा, एक दिवस बाजूला ठेवावा आणि मोठ्याने वाचावा. प्रत्येक अलंकार काढून पाहावा. काढल्यावर काहीच गेले नाही असे वाटले तर तो परत घालू नये. आपले पत्र या पायरीनंतर असे उरते:

‘आपल्या ग्रंथालयात पुस्तके आहेत, टेबले आहेत, दिवे आहेत, संध्याकाळी सहानंतर नाहीत ते फक्त वाचक, कारण दार बंद असते. दार उशिरापर्यंत उघडे ठेवायचे तर विजेचा खर्च वाढेल आणि कर्मचाऱ्यांना जास्त वेळ थांबावे लागेल, ही अडचण खरी आहे आणि ती लहान नाही. म्हणून तीन महिन्यांपुरते, आठवड्यातून दोनच दिवस, दार रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे आणि त्या वेळात येणाऱ्या वाचकांची रोज नोंद करावी. ती नोंद पाहून पुढचा निर्णय समितीने घ्यावा.’

पुस्तकांना वाचक आणि वाचकांना पुस्तके हे उलटलेले वाक्य मसुद्यात होते. ‘नाहीत ते फक्त वाचक’ या शब्दांनी त्याचे काम आधीच केले असल्यामुळे ते काढले. सहा वर्षांच्या सभासदत्वाचे वाक्य सही करणाऱ्याच्या नावाखाली गेले. ‘ती लहान नाही’ ही लायटॉटीझ राहिली, कारण खजिनदाराने स्वतः बोलताना तेच शब्द वापरले असते. शेवटच्या वाक्यातून ‘च’ काढला.